मी न पाहिलेलं कोलकाता

डिसेंबर लागला की दुपार कलता कलता आमच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत सुक्या बोंबलांचा वास येतो. मुर्धा-राई या कोळ्यांच्या गावांकडून, खाडीवरून सुटलेल्या वाऱ्यावर बसून तो येतो. रूळ ओलांडतो, नव्या टॉवरांच्या मधल्या फटींतून वाट काढतो, वाटेत मेट्रोच्या खांबांची धूळ अंगावर घेतो आणि आमच्या वाळत घातलेल्या चादरींपाशी येऊन थांबतो. समोरच्या विंगेतल्या खिडक्या एकामागून एक सरकत बंद होतात. मी माझी लावत नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही लावायचे, हे मात्र सांगून टाकायला हवं.

थंडी म्हणावी अशी थंडी मिरा रोडला पडतच नाही. खोबरेल तेल बाटलीच्या तळाशी पांढरं धरतं, पंखा एकवर येतो, सकाळी हायवेच्या बाजूला धुकं दिसतं आणि ते धुकं नसून धूर आहे हे नऊ वाजता कळतं. एवढंच. पण त्या एका वर्षीची थंडी माझ्या अंगात मुरून राहिली आहे. त्या वर्षी मी सात दिवसांचं कोलकाता तयार केलं होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तासातासाचं. कुठे किती पायऱ्या आहेत, कुठल्या वारी काय बंद असतं, कुठून कुठे किती चालायचं, सगळं मला पाठ होतं. आजही डोळे मिटले तर मी त्या शहरातून न चुकता चालू शकेन.

मी तिथे कधी गेलेले नाही.

ठरलं ते दिवाळीनंतरच्या एका दुपारी, माझ्या घरी, डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा संपवताना. आम्ही चौघी होतो. सुनंदा आमच्याच बिल्डिंगमधली, खालच्या मजल्यावरची. नर्स म्हणून निवृत्त झालेली, आयुष्यभर उभं राहून राहून गुडघे गेलेले. अलका समोरच्या विंगेतली. ती शाळेत इतिहास शिकवायची, आणि अजूनही बोलताना दोन बोटं अशी धरते की त्यांत खडू आहे असं वाटावं. आणि रतन. रतन मुर्ध्याची कोळीण. तेवीस वर्षांपूर्वी मी परळहून इथे राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात ती टोपली घेऊन दारात उभी राहिली, माझ्या हातातली सुरी बघून म्हणाली, "ही काय पावाला लोणी लावाची हाय का गो?" आणि उंबऱ्यात बसून तिने मला पापलेट कापायला शिकवलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा टोपली रिकामी झाली की ती माझ्या स्वयंपाकघरात पाय पसरून चहा प्यायची. हळूहळू सुनंदा आणि अलकाही त्या चहाला यायला लागल्या. अशी आमची चौघींची मैत्री झाली, स्वयंपाकघरातल्या फरशीवर.

"कुठेतरी जाऊया," सुनंदा म्हणाली. "आठवडाभर. आणि देवाला नको हं. नवस फेडायला आणि बारशाला सोडून मी घराबाहेर पडलेलेच नाही. मला नाटक बघायचंय, गाणं ऐकायचंय. कळलं नाही तरी चालेल."

"कोलकाता," अलका ताबडतोब म्हणाली. जणू कित्येक वर्षं कुणी विचारेल म्हणून ते उत्तर तिने ओठांवर धरून ठेवलं होतं.

रतनने चिवड्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला. "तिथं मासलीबाजार हाय ना मोठा?"

मग तिघींनी माझ्याकडे बघितलं. अलका म्हणाली, "वसू, तू बघ गं."

वसू, तू बघ. माझं अर्धं आयुष्य या तीन शब्दांनी खाल्लं आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दर वर्षी तिथली वेळापत्रकं मी बनवते. कुठल्या सरांना पहिला तास नको, कुठल्या मॅडमना शनिवार नको, कुठली लॅब गळते, हे सगळं माझ्या डोक्यात असतं आणि दुसऱ्या कुणाच्याच नसतं. घरीही तेच. सासऱ्यांच्या गोळ्या, नवऱ्याचे काशीमीऱ्याच्या गोदामातले उलटसुलट कामाचे तास, नणंदेच्या सुट्ट्या. लोकांना वाटतं थकवा कामाने येतो. कामाचा थकवा झोपेने जातो. कुणाला काय चालत नाही हे सतत ध्यानात ठेवण्याचा जो थकवा असतो, तो उशीवर डोकं टेकलं तरी जागाच राहतो.

पण त्या दुपारी मी हो म्हणाले. खरं तर आनंदाने म्हणाले.

नोव्हेंबरभर मी दोन शहरांत राहत होते. एका हाताने डाळ घोटायची आणि दुसऱ्या हाताने फोनवर नकाशा मोठा करून ट्रामचा रस्ता शोधायचा. सुनंदाला खालचाच बर्थ हवा, लिफ्ट असलेलीच जागा हवी आणि संडास खुर्चीचाच हवा. अलकाला संग्रहालयासाठी दोन पूर्ण दिवस हवेत, आणि संग्रहालय सोमवारी बंद. नाटक शनिवारी, पण शनिवारी सकाळी मूर्तिकारांच्या गल्लीत जायचं म्हणजे सुनंदाला संध्याकाळी बसवणार नाही. दक्षिण कोलकात्यात एका बाईंच्या घरी दोन खोल्या मिळत होत्या. त्यांच्याशी मी हिंदीत बोलायचे. त्या मला "दीदी" म्हणायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "आप लोग मछली खाते हैं ना?" त्यांच्या घराच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे मी त्यांना मोजायला लावलं होतं. तेरा. "मगर लिफ्ट है दीदी," त्या हसून म्हणाल्या होत्या, "छोटा है, पर है."

हे चालू असताना आतल्या खोलीत दादा. माझे सासरे. पस्तीस वर्षं त्यांनी मुंबईत बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली आणि शेवटच्या दोन वर्षांत बाकी सगळं विसरून ते परत त्या बसमध्येच चढले होते. मी औषध घेऊन गेले की विचारायचे, "कुठं उतरणार?" सुरुवातीला मी म्हणायचे, दादा, मी वसुधा. मग मीही नाव सांगायला लागले. लालबाग. दादर. माहीम. त्या महिन्यात एकदा मी सहज म्हणाले, "कोलकाता." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ही गाडी तिकडं जात नाही," म्हणाले, आणि गोळी घेतली.

मी त्यावर हसले होते. घरात त्या दिवसांत हसण्यासारखं थोडंच होतं.

महिनाअखेरीला एका रविवारी दुपारी मी तिघींना बोलावलं आणि छापून आणलेला कार्यक्रम प्रत्येकीच्या हातात दिला. चार पानं. मला वाटलं होतं कुणीतरी निदान "बाई गं, किती केलंस" म्हणेल. अलकाने चष्मा लावला आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "संग्रहालयाला दीडच दिवस?" सुनंदा म्हणाली, "नदीतून बोटीने जायचं तर बोटीत चढायला फळी असते का गं? फळीवरून मला नाही जमणार." प्रकाश, माझा नवरा, आतून ओरडला की दादांनी पाणी सांडलंय. मी पुसून आले. तोवर त्या दोघींनी पेनाने तिसरा आणि पाचवा दिवस अदलाबदल केला होता, म्हणजे संग्रहालय पुन्हा सोमवारी आलं होतं.

रतनने तिचा कागद वाचलाच नाही. घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. मग मला म्हणाली, "मासलीबाजार हाय ना गो यात?"

महिनाभरात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला होता कोण जाणे. आणि उत्तर असं होतं की नव्हता. सकाळच्या वेळा सगळ्या भरलेल्या होत्या.

"रतन," मी म्हणाले, "जन्म गेला ना तुझा मासळीत? मग तिथे जाऊन परत तेच कशाला बघायचंय? आणि बाकीचं ठेवलंय त्यातलं तरी तुला काय कळणार आहे?"

हे मी मोठ्याने बोलले नाही. अगदी शांतपणे, ऑफिसात बोलते तसं बोलले. म्हणून ते जास्त लागलं असणार. सुनंदाने पेनाचं टोपण लावलं. अलका गॅलरीकडे बघायला लागली. रतनने चहा संपवला, उठून कप विसळला, पालथा घातला, आणि "येते" म्हणून निघून गेली. दाराबाहेर तिच्या चपला जिन्याने खाली जाताना ऐकू येत राहिल्या, मजल्यामागून मजला.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज फोनवर आला. ती मेसेज लिहीत नाही, बोलून पाठवते. "वसू, मना न्हाय जमायचं. बोंबलांचे दिवस हाईत. तुमी जा." एवढंच.

तीन दिवस मी स्वतःला समजावलं की खरंच बोंबलांचे दिवस आहेत. चौथ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले, भाईंदरला पश्चिमेला उतरून रिक्षा केली. "मुर्धा? भाभी, रास्ता खुदा हुआ है, अंदर तक नहीं जाएगा," म्हणत रिक्षावाल्याने नाक्यावर सोडलं. पुढे चालत गेले. एका बाजूला जुनी मिठागरं. काहींत नुसता चिखल, काहींवर भराव टाकलेला, आणि भरावाच्या कडेला एक पांढरा बगळा अजून पाणी असल्यासारखा उभा. दुसऱ्या बाजूला अर्धा उभा राहिलेला टॉवर, त्यावर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर. वीस वर्षांत रतन माझ्या घरी शेकडो वेळा आली होती. मी तिच्या घरी दुसऱ्यांदा चालले होते.

घरामागच्या मोकळ्या जागेत मासे वाळवायच्या बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या, दोऱ्यांवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या. ऊन त्यांच्या आरपार जात होतं. रतन खालच्या ओळीतले बोंबील उलटत होती. मला बघून थांबली नाही.

"बस. खुर्ची आन आतून."

मी खुर्ची आणली नाही. तिच्या शेजारी उभी राहून म्हणाले, "रतन, मी चुकले. मी तसं बोलायला नको होतं."

"तू थकलेली व्हतीस."

"थकले होते म्हणून चालत नाही ना."

तिने एक जोडी उचलली, वास घेतला, परत टांगली. "तुला काय वाटलं, मी बाजार कशाला बघते? भाव कराला?" मग हात पदराला पुसत म्हणाली, "तुमच्या बाजूच्या बिल्डिंगीत ती बंगाली बाय राहाते ना, माझ्याकडून रोहू मागते नि मिलत न्हाय म्हणून तोंड पाडते, तिनं सांगितलं मना. तिकडं लग्नात नवऱ्याकडून नवरीला मासली धाडतात. मोठी, अशी हातभर. आणि तिला साडी नेसवतात. मासलीला! नथ घालतात, टिकली लावतात. आणि पांढरेपांढरे कपडे घालून, कामाला जाणारे पुरुष बाजारात येतात नि हातात घेऊन बघतात. नाक न्हाय धरत कोण." तिने एक जोडी उलटली. "पस्तीस वर्सं मी ही टोपली डोक्यावर घेतली गो. कोण मना बघून दार लावतो, कोण पंखा लावतो. मना एकदा असा गाव बघायचा हाय जिथं मासलीला साडी नेसवतात."

मी पर्स वलांडीच्या बांबूला अडकवली.

"आनि तू," ती बोंबील उलटत म्हणाली, "तू सभेत व्हतीस. मना ठाऊक हाय."

होते मी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या सभेत ठरलं होतं की मासळीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये, वास राहतो. हात वर करा म्हटल्यावर मी हात वर केला नव्हता. खालीही ठेवला नव्हता. पर्समध्ये काहीतरी शोधत होते. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी कागद लागला. तेव्हापासून रतन सात मजले चढून येत होती, टोपली असो वा नसो. आली की आधी तांब्याभर पाणी प्यायची. मी तिला पाणी द्यायचे आणि त्या कागदाबद्दल एक अक्षर बोलायचे नाही. रतनही बोलली नव्हती. आठ महिने आम्ही त्या पाण्याच्या तांब्यावरून एकमेकींकडे बघत होतो.

"हो," मी म्हणाले. "होते."

तिने मान हलवली. माफ केलं असं म्हणाली नाही. पुढची दोरी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तिथली उलटव. पोट उन्हाकडं ठेव." ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी बोंबील उलटत होतो. माझ्या बोटांना तो वास दोन दिवस राहिला. निघताना ती म्हणाली, "नाव घातलंयस तर आता खोडू नको."

घरी येऊन मी चारही पानं बाजूला ठेवली आणि सहाव्या दिवसाची सकाळ मोकळी केली. अलकाला फोन केला. मला वाटलं होतं ती कुरकुर करेल. ती एवढंच म्हणाली, "मीपण येईन बाजारात. इतिहासात मासे शिकवलेच नाहीत मी कधी."

गाडी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. त्याच्या तीन दिवस आधी, सकाळी, दादा मोरीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळ, फोटो, ऑपरेशन. नणंद नाशिकहून आली. ती आधीपासून येणारच होती, मी नसताना दादांजवळ राहायला. इस्पितळाच्या बाकावर तिने माझा हात धरला. "वहिनी, तू जा. मी आहे, दादा आहे. तू इतकं सगळं ठरवलंयस." दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा नवरा. तोही म्हणाला, जा.

मी गेले नाही.

हे लिहिताना मला फार सांभाळून लिहावं लागतंय, कारण या गोष्टीत चांगली सून म्हणून उभं राहणं अगदी सोपं आहे. सगळे तेच म्हणाले, सोसायटीत, ऑफिसात. निघायच्या दिवशी तिघी बॅगा घेऊन खाली उभ्या होत्या. मी अलकाच्या हातात कार्यक्रमाची फाइल दिली. सुनंदाने मला मिठी मारली, तिचे डोळे भरले होते. रतन तेवढी माझ्याकडे निरखून बघत होती. टॅक्सीत बसायच्या आधी मला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, "तू येत न्हाय ती म्हाताऱ्यासाठी का थकलीस म्हणून?"

"दोन्ही," मी म्हणाले.

टॅक्सी वळून गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सात दिवस कुणाचा बर्थ, कुणाचे गुडघे, कुणाची फळी मला बघायची नव्हती. इस्पितळातल्या स्टुलावर बसून एका माणसाला पाणी पाजायचं, एवढंच. मी लिफ्टमध्ये शिरले आणि आरशात बघून रडले. दुःखाने नव्हे.

मग तो आठवडा सुरू झाला. दुपारी नणंद घरी जेवायला जायची तेव्हा मी दादांच्या खाटेशेजारी बसून फोन कानाला लावायचे. रतनचा आवाज यायचा. अलका फोटो पाठवायची, इमारतींचे, खाली सनावळीसकट माहिती. सुनंदा फुलं आणि जेवणाची ताटं पाठवायची. रतन फक्त बोलायची. मागून ट्रामची घंटा, कुणाचं तरी बंगाली, भोंगे. "वसू, इथं नदीचं पाणी गोडं हाय, पन रंग आपल्या खाडीसारखाच गो." "वसू, नाटकात एक बाई इतकी रडली, मना भाषा कलत न्हवती पन मीबी रडले. सुनंदा झोपली." दादा डोळे मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, "ही बाई कुठं उतरणार?"

"तिला उतरायचं नाही, दादा. फिरतेय."

"मग पास असेल," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कळलं की माझा कार्यक्रम मोडला. संग्रहालयात अलका एकेका मूर्तीपुढे अर्धा अर्धा तास थांबली, सुनंदाचे गुडघे सुजले, दोघींचं वाजलं. सुनंदा "मी उद्या परत जाते" म्हणाली. तेव्हा रतनने माझी फाइल अलकाकडून घेतली आणि आपल्या बॅगेत तळाशी ठेवली. "आता जी जिथं बसेल तिथं बसेल," तिने जाहीर केलं. चौथा दिवस त्या तिघी नदीकाठच्या एका घाटावर नुसत्या बसून राहिल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मूर्तिकारांची गल्ली नाही, जुन्या पुस्तकांचा बाजार नाही. फोटोत सुनंदाचे पाय रतनच्या मांडीवर होते आणि अलका चक्क काही न शिकवता शेंगा खात होती.

मला राग आला. एवढा की मी दिवसभर उत्तर दिलं नाही. मी नव्हते तरी त्यांना करमत होतं, आणि माझ्या चार पानांशिवाय जास्तच करमत होतं. ज्या कामाखाली मी पिचले होते ते काम कुणाला नकोच होतं की काय, हा विचार दादांच्या सलाइनमधल्या थेंबांसारखा आत पडत राहिला.

सहाव्या दिवशी दुपारी रतनचा मोठा निरोप आला. सुरुवातीला नुसता गलका. मग ती. "वसू, बाजारात गेलते. आपल्या विळीसारखी विळी हाय इथं, पन उभी, पायानं धरून बसतात. पुरुष कापतात गो! एक म्हातारा बाबा कोट घालून आलता, कातला मासलीच्या डोक्याला हात लावून बघत व्हता, असा, पोराच्या कपाळाला लावतात तसा." मग आवाज बदलला. "आनि आपल्या मालकीनबाई, जिथं उतरलोत, त्यांच्या वरच्या मजल्यावर लगीन हाय. मना घेऊन गेल्या त्या. खाली दारात नवऱ्याकडची रोहू आलती. लाल साडी, जरीचा काठ, नाकात नथ, तोंडात विडा. परातीत निजवलेली, नवरीसारखी. मना रडू आलं, सगले बघाला लागले. मालकीनबाईंनी त्यांना काय सांगितलं ठाऊक न्हाय, त्यांनी मना परात धराला दिली. मी नेली वर." मला तिचा श्वास ऐकू येत होता. "लिफ्टनं नेली, वसू."

वॉर्डात जेवणाची गाडी आली होती. कुणीतरी ताटाला चमचा आपटत होतं. मी तो निरोप पुन्हा लावला, आणि पुन्हा.

दादा फाल्गुनात गेले. ते गेले तेव्हा मी तिथे होते, आणि त्याचं समाधान मला आहे; चांगुलपणाचं नाही, नुसतं असण्याचं. त्यानंतरच्या सोसायटीच्या सभेत मी उभी राहिले आणि लिफ्टशेजारचा कागद काढा म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, "बघू या." अलका जोरात म्हणाली, "बघू या नाही." सुनंदाने कितीजणांच्या आईबापांना तिने इंजेक्शनं दिली आहेत ते मोजून दाखवलं. ठराव वगैरे काही झाला नाही. महिन्याभराने एका सकाळी तो कागद तिथे नव्हता. कुणी काढला हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही. मी धावत रतनला सांगायला गेले. ती गेटपाशी टोपली मांडून बसली होती. म्हणाली, "बरं झालं. पन मी आता वर येत न्हाय. ज्याला मासली पायजे तो खाली येल." आणि लोक येतात. सातव्या मजल्यावरून, नवव्या मजल्यावरून, सकाळी ऑफिसचे कपडे घालून येतात, तिच्यासमोर वाकून कल्ले उघडून बघतात. लिफ्टने ती आता फक्त चहाला वर येते.

लोक मला म्हणतात, आता मोकळी झालीस. आता जा की कोलकात्याला. खरं आहे, मोकळी झाले. वेळ आहे, सुट्ट्या साठल्यात, आतली खोली रिकामी आहे. पण एवढी वर्षं अंगात भरलेला शीण मोकळं झाल्याबरोबर निघून जात नाही. तो आता निवांत वर येतो, भरती ओसरल्यावर खाडीतला गाळ वर यावा तसा. रविवारी मी वर्तमानपत्र धरून बसते आणि तेच वाक्य चारदा वाचते. नकाशा उघडावासा वाटत नाही. एखाद्या गावाचं नाव ऐकलं की आधी मनात येतं, तिथे सोमवारी काय बंद असेल.

गेल्या रविवारी दुपारी तिघी आल्या. खिडकी उघडी होती, वारा सुटला होता. "यंदा परत जाऊया, चौघी," सुनंदा म्हणाली. अलकाने दोन-तीन शहरांची नावं घेतली. मी सवयीने वही शोधायला उठले, तर रतनने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"तू बस. तू काय न्हाय बघायचं."

"अगं, पण तिकिटं..."

"सुनंदा काढेल. तिला आता येतं."

त्या बोलायला लागल्या. कुठे समुद्र, कुठे लेणी, कुणाची भाची कुठे राहते. अलका आणि रतनचं कशावरून तरी जुंपलं. रतन म्हणत होती, "दगड बघून बघून डोले दगड झाले माझे." सुनंदा हसत होती. मी सोफ्याच्या कडेला डोकं टेकलं. त्यांचे आवाज जवळ होते, मग लांब गेले, मग नुसता आवाजांचा एक ऊबदार गुंता उरला, त्यात माझं नाव मधूनच येत होतं, पण कुणी मला काही विचारत नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. अंगावर चादर होती. कप धुऊन ओट्यावर पालथे घातलेले, दार बाहेरून ओढून घेतलेलं. सव्वादोन तास मी झोपले होते. शेवटचं असं दुपारी कधी झोपले होते ते मला आठवेना.

कुठे जायचं ठरलं, मला माहीत नाही. चार दिवस झाले, मी कुणाला विचारलेलं नाही, आणि त्याही सांगत नाहीत. काल ऑफिसात मी रजेचा अर्ज भरला. सात दिवस, कारण खाजगी. तारखेची जागा मोकळी सोडून तो खणात ठेवला आहे.